एक्कावन्न घरांची उजळणी

न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थमध्ये उभं आयुष्य काढूनही आमच्या घरमालकांना ते शहर पसंत नव्हतं, आणि कारण काय, तर तिथली नदी. मानावातू नदी डोंगररांगेच्या पूर्वेला उगम पावते, मधली खिंड कापून अलीकडे येते आणि पश्चिमेच्या समुद्राला मिळते. यात कुणाचं काय बिघडलं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. मी पुण्याची, नदी पुलावरून ओलांडायची, ती येते कुठून याची चौकशी मी कधी केली नव्हती. पण घरमालक जमीनमोजणीतले, निवृत्त सर्व्हेयर. पाण्याने डोंगराची मर्यादा पाळलीच पाहिजे, असा त्यांचा आग्रह. भाड्याची जागा बघायला मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा हीटर कुठे आहे, गरम पाणी कसं येतं, यातलं काही न सांगता त्यांनी मला दहा मिनिटं नदीची तक्रार ऐकवली. "बेशिस्त नदी आहे," ते म्हणाले. "आमच्याकडे असं चालत नाही."

आमच्याकडे म्हणजे चेक देशातल्या त्यांच्या गावात. बोहेमिया आणि मोराव्हिया हे त्या देशाचे दोन मोठे भाग, आणि त्यांच्या मधोमध जे उंच, थंड, दगडाळ पठार आहे, तिथे हे गाव. नाव मी लिहीत नाही. त्यात एक असं अक्षर आहे की ते म्हणताना जीभ एकाच वेळी दोन ठिकाणी असावी लागते. मी पुष्कळ प्रयत्न केला, आणि प्रत्येक वेळी दात दुखल्यासारखे त्यांनी डोळे मिटून घेतले. शेवटी आमच्यात नुसतं 'गाव' म्हणायचं ठरलं. गावात एक्कावन्न घरं, एक तळं, घंटा असलेलं एक छोटं चॅपेल आणि दगड. "दगड हे आमचं मुख्य पीक," ते म्हणायचे. "बटाटे जोडधंदा."

गाव बरोबर पाणलोटाच्या रेषेवर वसलेलं. इतकं बरोबर, की बारा नंबरच्या घराच्या छपरावर पडलेला पाऊस एका उतारावरून वाहत शेवटी उत्तर समुद्राला जातो आणि दुसऱ्या उतारावरून काळ्या समुद्राला. हे सांगताना ते दोन्ही हात छपरासारखे जुळवायचे आणि मग एकेक हात सावकाश लांब न्यायचे. त्या घरातला नवरा बोहेमियाचा आणि बायको मोराव्हियाची. भांडण झालं की ती धुण्याचं पाणी आपल्या माहेरच्या बाजूला ओतायची, सासरला थेंब द्यायची नाही. हे मी आईला फोनवर सांगितलं, तर तिला ती बाई फार आवडली. पुढे कितीतरी दिवस ती विचारायची, "काय गं, बारा नंबरवाली बरी आहे ना?" ती वारून साठ वर्षं झाली होती हे सांगायचं माझ्या जिवावर आलं.

जागा देताना त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता: तुमच्या गावात घरं किती? मी म्हटलं, पुणे. ते गाव नव्हे, ते म्हणाले, वडिलांचं गाव कुठलं? मी तिथल्या तिथे बाबांना फोन लावला. "बाबा, आपल्या मूळ गावात घरं किती असतील?" बाबा म्हणाले, "मोजायला कोण बसलंय? असतील शंभरेक. का गं, व्हिसासाठी विचारतात का?" मी घरमालकांना शंभरेक सांगितलं. 'शंभरेक' या उत्तराने त्यांना इतकं वाईट वाटलं, की मला वाटतं जागा मला त्या दयेपोटीच मिळाली.

आणि जागा मला हवीच होती. मी फार्मसिस्ट, नुकतीच तिथल्या एका औषधांच्या दुकानात लागलेली. नवरा आयटीत, त्याची नोकरी ऑकलंडजवळ अल्बनीत, सहा-सात तासांच्या अंतरावर. त्याने पंधरा दिवसांनी यायचं असं ठरलेलं आणि ते महिन्याने व्हायचं. आमचा रेसिडेन्सीचा अर्ज कुठेतरी कुणाच्या तरी टेबलावर होता. मी मुळातच धास्तावलेल्या स्वभावाची. गॅस बंद केला का हे बघायला मी गल्लीच्या टोकावरून परत येते. माझ्या कामात ते खपून जातं, कारण प्रत्येक औषध मी तपासायचं, मग दुसऱ्याने तपासायचं, दोघांच्या सह्या पडल्याशिवाय पुडी काउंटरवरून हलत नाही. पण दुकानाबाहेर दुसरी सही करायला कोणी नसतं. त्या घरात मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. खिडक्यांना दुहेरी काचा होत्या, भिंतींना ओल नव्हती, आणि समोरच्या घरात एक म्हातारा माणूस रोज सकाळी ठरल्या वेळी बाहेर येऊन थर्मामीटर बघत उभा राहायचा.

ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. पायात लोकरी मोजे आणि त्यावर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. मी मनात आणि आईशी बोलताना त्यांना आजोबा म्हणायचे, तोंडावर सर. ते मला मॅगिस्ट्रा म्हणायचे. त्यांच्या देशात औषधं देणाऱ्या बाईला असंच मानानं हाक मारतात म्हणे. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, पण ते मला 'तुम्ही'च म्हणताहेत हे ऐकू यायचं.

आवारात त्यांनी सगळ्याला नंबर दिले होते. लाल पत्र्याच्या पाट्या, त्यावर पांढरे आकडे. गॅरेज एक, घर दोन, बागेतली शेड तीन, आणि माझी भाड्याची जागा चार. फाटकातून आलं की चार आधी लागायचा, मग दोन, मग एक. त्यांच्या गावात असंच असतं. कोण्या एका महाराणीने सैन्यभरतीसाठी घरं मोजली, तेव्हा जी उभी होती त्यांना नंबर पडले, आणि पुढे जे नवं घर बांधलं जाईल त्याला पुढचा नंबर, मग ते कुठेही असो. म्हणून चारच्या शेजारी एकतीस आणि एकतीससमोर नऊ. "नंबर म्हणजे पत्ता नव्हे, मॅगिस्ट्रा. नंबर म्हणजे वय." कुरिअरवाल्यांना हे कोण सांगणार? आईने पाठवलेला गोडा मसाला आठवडाभर शेडमध्ये खताच्या पोत्यावर पडून होता.

पावसाळी थंडी सुरू झाली की ते गावाबाहेरच्या पाइनच्या झाडीत जाऊन टोपलीभर अळंबी आणायचे आणि त्यातली निम्मी माझ्या दारात ठेवायचे. स्वच्छ पुसलेली, खाली वर्तमानपत्र. मी फार्मसिस्ट, विषबाधेवरचं प्रकरण मी परीक्षेसाठी तीनदा वाचलेलं. ती अळंबी मी पिशवीत गुंडाळून, पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून, कचऱ्याच्या डब्यात तळाशी टाकायचे आणि टोपली धुऊन परत करताना म्हणायचे, "सर, फार छान झाली होती भाजी." ते मान लववायचे.

आता वहीबद्दल सांगते.

त्यांच्याकडे प्रत्येक गावाची बखर असते. गावाने एक माणूस नेमायचा आणि त्याने वर्षाकाठी लिहून ठेवायचं: पाऊस किती, पीक काय, कोण जन्मलं, कोण मेलं, कोण आलं, कोण गेलं. आजोबांचे वडील गावचे मास्तर, आणि बखरही त्यांच्याकडेच. महायुद्ध संपलं तेव्हा सतरा नंबरच्या घरात एक जर्मन बोलणारं कुटुंब राहत होतं, पाच-सहा पिढ्यांपासून. एका सकाळी त्यांना हातात मावेल तेवढं घेऊन घर सोडायला लावलं. आजोबा चार वर्षांचे होते. त्यांना त्या घरातली माणसं आठवत नव्हती, शेळी आठवत होती. ती मागे राहिली, दोन दिवस ओरडत होती, आणि तिसऱ्या दिवशी ती ह्यांच्या गोठ्यात आली. त्या वर्षीच्या बखरीत वडिलांनी लिहिलं, 'सतरा नंबरचे लोक गाव सोडून गेले.' बस, एवढंच.

"ते गेले नाहीत. घालवले," आजोबा म्हणायचे. "माझे वडील फार सच्चे होते, मॅगिस्ट्रा. त्यांनी आयुष्यात ही एकच ओळ खोटी लिहिली. पण मी ती ओळ वाचली आणि मग मला सगळी बखर वाचता येईना. पावसाचा आकडा बघितला तरी वाटायचं, हा तरी खरा आहे का?"

पुढे त्यांच्या तरुणपणी देशात परके रणगाडे शिरले तेव्हा ते बाहेर पडले आणि फिरत फिरत न्यूझीलंडला आले. इथे मोजणीच्या कामात होते तेव्हाच त्यांनी आपली बखर लिहायला घेतली होती. जाड पुठ्ठ्याची वही, डाव्या पानावर घराचा नकाशा, उजव्या पानावर त्या घरात कोण कोण राहिलं, चूल कुठे, विहीर कोणाशी सामायिक, कोणाचं कोणाशी भांडण. सगळं इंग्रजीत. गावाकडे वाचणारं कोणी उरलेलं नव्हतं आणि इथल्या मुलीला चेक येत नव्हतं.

दर रविवारी सकाळी अकरा वाजता उजळणी. मी वही घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसायचं, ते खिडकीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून उभे राहायचे, आणि चॅपेलपासून चालायला लागायचे. म्हणजे तोंडाने. "चॅपेल. डाव्या हाताला नऊ. विधवा, दोन मुली, धाकटी तोतरी. समोर एकतीस..." बरोबर असलं की मी लाल पेन्सिलीने टिक करायची. मदत करायची नाही, हूं की चूं करायचं नाही. सुरुवातीला मी याला म्हाताऱ्या माणसाचा विरंगुळा समजत होते. मग मला त्यात गोडी लागली, आणि मी फार कडक परीक्षक झाले. चिमणी उजवीकडे म्हणाले आणि वहीत डावीकडे असली, तर मी खुणेची रेघ मारायचे आणि शेवटी वाद घालायचे. ते खूश व्हायचे. "चिमणीचा अर्धा मार्क कापा," म्हणायचे.

ही उजळणी कशासाठी होती ते मला वर्षभराने कळलं, तेही त्यांच्या मुलीकडून. ती ऑकलंडला बॉटनी डाउन्समध्ये राहायची. एका रविवारी दुपारी तिचा मला फोन आला. "हाय, कशी आहेस? डॅडने सांगितलंय की आकडा तुला विचारायचा. आज किती?"

"एक्कावन्न," मी म्हणाले. "का?"

मग तिने सांगितलं. बायको गेल्यापासून आजोबा एकटे होते. मुलीला त्यांना आपल्या जवळच्या एका वृद्धाश्रमात आणायचं होतं, त्यांना यायचं नव्हतं. दोघांची खूप भांडणं झाली आणि शेवटी तह झाला. डोकं शाबूत आहे तोवर ते आपल्या घरात राहणार. ज्या रविवारी एक जरी घर चुकेल, त्या रविवारी आपण होऊन बॅग भरणार. पण डोकं शाबूत आहे हे त्यांनी स्वतःच कसं ठरवायचं? म्हणून त्यांनी माझं नाव सांगितलं होतं. "तो म्हणाला, ती औषधं तपासते, ती चुकीचं पास करणार नाही. मला पण रिलीफ आहे गं. स्वीट ॲज, एकदम झकास!"

तिला रिलीफ, आणि इकडे मला विचारल्याशिवाय मला न्यायाधीश करून ठेवलं होतं. पुढच्या रविवारपासून माझी अकराची वेळ दहापासूनच सुरू व्हायची. चहा पिववायचा नाही. ते बोलायला लागले की मी वहीतल्या ओळीवर बोट ठेवून श्वास धरायचे. एक्कावन्न संपलं की पाठीला घाम आलेला असायचा, मग आठवडाभर मी मोकळी.

पहिली चूक झाली ती आठ नंबरची. तिथे लोहार राहायचा, ते म्हणाले, "आठ. गिरणीवाला." मी वर बघितलं. पाठ तशीच ताठ. आता सुधारतील म्हणून मी वाट बघितली, तर ते पुढे चालू लागले होते. जीभ घसरली असेल, मी स्वतःला सांगितलं, माझी नाही का घसरत? आणि टिक केली. दुपारी मुलीला सांगितलं, एक्कावन्न. पुढच्या रविवारी पुन्हा, "आठ. गिरणीवाला." मी पुन्हा टिक केली. पहिल्यांदा माझा हात जड झाला होता, दुसऱ्यांदा तेवढा झाला नाही, हे मी इथे कबूल करते.

मग तीन-चार आठवड्यांनी एका सकाळी ते तळ्याच्या बाजूने वळून म्हणाले, "तेहतीस." थांबले. मी वहीकडे बघत होते. "तेहतीस," ते म्हणाले, "पोस्टमन. त्याची बायको पाय ओढत चालायची." आणि पुढे गेले.

तेहतीस हे त्यांचं स्वतःचं घर होतं.

वहीत ते सगळ्यात लांब पान. मास्तरांचं घर, सफरचंदाची तीन झाडं, आईचं शिवणयंत्र कुठल्या खिडकीत, आपला जन्म कुठल्या खोलीत. ते सगळं माझ्यासमोर उघडं होतं आणि ते खिडकीपाशी उभे राहून ते घर पोस्टमनला देऊन मोकळे झाले होते. मी टिक केली. मला रडू येत होतं आणि मी टिक केली.

त्या दिवशी मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "तू ओव्हरथिंक करतेयस. सिंपल आहे, मुलीला सांगून टाक."

"आणि त्यांना घरातून उचलून नेलं तर?"

"अगं, त्यांच्या सेफ्टीसाठीच ना? आणि ते गेले की घर विकतील, हे तुझ्या डोक्यात नाहीये ना?"

मी फोन ठेवून दिला. ते माझ्या डोक्यात होतं. नवी जागा शोधायची, अर्जावर पत्ता बदलायचा, पुन्हा कुठल्या ओल्या भिंतीत जायचं, हे सगळं माझ्या डोक्यात होतं. आणि आजोबांवरचं प्रेमही होतं. त्यातलं किती काय हे मला तेव्हा सांगता आलं नसतं, आजही येत नाही. मी स्वतःची समजूत घातली की मी त्यांच्यावर लक्ष ठेवते आहे. त्यांच्या गोळ्या मी आठवड्याच्या पाकिटात लावून द्यायचे, शेगडी बंद आहे का हे खिडकीतून बघायचे, ते फाटकाबाहेर पडले की परत येईपर्यंत माझं कशात लक्ष लागायचं नाही. दुकानात मी एकही सही न बघता केली नाही. रविवारी मात्र मी वहीत बघणंच सोडून दिलं; घरं मला एव्हाना पाठ झाली होती, चूक ऐकूनच कळायची. ते बोलायचे, मी टिक करायची. चिमण्यांचे वाद थांबले.

मग जूनमधला तो रविवार. बाहेर धुकं होतं. उजळणी नेहमीप्रमाणे झाली, उलट जरा लवकर संपली. सतरा आलं नाही, हे माझ्या लक्षात आलं. सोळा नंबरवरून ते सरळ पुलापाशी गेले. मी सतरापुढे टिक केली.

"किती?" ते खिडकीकडे बघत म्हणाले.

"एक्कावन्न, सर."

ते वळले, माझ्यासमोर बसले आणि वही मागितली. शेवटचं पान उघडून त्यांनी ती माझ्याकडे फिरवली. कोपऱ्यात, त्यांच्या बारीक अक्षरात, पेन्सिलीने लिहिलं होतं: 'आज मी सतरा मुद्दाम सोडणार आहे.'

"मोजणीच्या कामात आम्ही हे करायचो," ते म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "एक जण दुर्बिणीतून आकडा वाचतो, दुसरा वहीत लिहितो आणि परत म्हणून दाखवतो. लिहिणारा नुसतं हो हो करायला लागला की एक आकडा मुद्दाम चुकीचा सांगायचा. त्याने पकडला तर ठीक. नाही पकडला, तर त्या दिवसाचं सगळं काम परत."

मी त्या ओळीवर बोट ठेवून ती पुन्हा वाचली.

"अळंबी तुम्ही फेकून देता, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," ते म्हणाले. "त्याचं मला काही नाही. पण ही वही आहे. आणि मी दुसरं कुठलं घर सोडलं असतं, तर म्हटलं असतं, लक्ष नसेल. म्हणून सतरा सोडलं. ते तर तुम्हाला माहीत होतं ना, मॅगिस्ट्रा?"

मला माहीत होतं. मी मान खाली घातली. टेबलावर मेणकापड होतं, निळ्या चौकड्यांचं, आणि मी त्या चौकड्या मोजत होते.

मग त्यांनी विचारलं, "आणखी काही होती का?"

हा प्रश्न त्यांनी वेगळ्या आवाजात विचारला. तोवर ते रागावलेले सर्व्हेयर होते. आता माझ्यासमोर घाबरलेला एक म्हातारा माणूस बसला होता. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला नसता, आणि हो म्हटलं असतं तर त्यांचं घर जात होतं. मी म्हणाले, "हो. दोन."

"कुठली?"

"आठ. आणि तेहतीस."

तेहतीस ऐकल्यावर त्यांनी टेबलाची कड धरली. "तेहतीसला मी काय म्हणतो?"

"पोस्टमन."

"कधीपासून?"

"सहा आठवडे झाले."

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "वाचा." मी ते पान उघडून वाचायला लागले. मास्तरांचं घर. सफरचंदाची तीन झाडं, दोन आंबट, एक गोड. शिवणयंत्र पूर्वेच्या खिडकीत. मी शेवटपर्यंत वाचलं. ते ऐकत होते, मधेच मान हलवत होते. कुठे कुठे त्यांना ओळख पटत होती आणि कुठे पटत नव्हती, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"सतरा धरू नका," शेवटी ते म्हणाले. "ते मला येत होतं. एकोणपन्नास लिहा." मी लिहिलं. मग त्यांनी स्वतः मुलीला फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"एकोणपन्नास," मी तिला म्हणाले.

"अगं, पण फॉर्टी-नाइन म्हणजे हीप्स, पुष्कळ झाले!" ती हसली. "मला माझ्या गल्लीतली चार नावं सांगता येणार नाहीत. दोनचं काय एवढं? सोडून दे."

"त्यातलं एक त्यांचं स्वतःचं घर आहे," मी म्हणाले. "आणि आज नाही, सहा आठवड्यांपासून. मी खोटं सांगत होते."

ती मला खूप बोलली, आणि ते बरोबरच होतं. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी आठवडाभरात आपली बॅग आपणच भरली. जाताना माझ्याशी हात मिळवला, पण मॅगिस्ट्रा म्हणाले नाहीत. मी फाटकात उभी राहिले आणि गाडी वळल्यावर घरात जाऊन खूप रडले. घर पुढे विकलं गेलं. आमची रेसिडेन्सी आली, मी अल्बनीला नवऱ्याकडे आले. पत्ता बदलण्याच्या ज्या गोष्टीची मला एवढी धास्ती होती, ती एका फॉर्मवर दोन मिनिटांत झाली.

मी त्यांना भेटायला जाईन असं मला वाटलं नव्हतं. पण दोन-तीन महिन्यांनी मुलीचाच फोन आला. "तो रविवारी अकरा वाजले की खिडकीशी जाऊन उभा राहतो. मी वही घेऊन बसले तर म्हणतो, तू नाही. ती कुठे आहे?" तेव्हापासून दर रविवारी मी अल्बनीहून मोटरवेने बॉटनी डाउन्सला त्यांच्या वृद्धाश्रमात जाते. गाडीत दर वेळी मला वाटतं की आज ते मला ओळखणार नाहीत, किंवा ओळखतील आणि जा म्हणतील. अजून तसं झालेलं नाही. मी वही उघडते, ते पाठ करून उभे राहतात. मी प्रत्येक ओळ वाचते. पहिल्या रविवारी चव्वेचाळीस झाली होती, मग अडतीस, मग तिसाच्या आत.

गेल्या रविवारी ते मधेच बराच वेळ थांबले. पुलापाशी पोचले, परत चॅपेलकडे गेले, पुन्हा निघाले. मुलगी दारात उभी होती. तिचे डोळे भरले होते. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "प्लीज, आज त्याला फिफ्टी-वन सांग ना. आता काय फरक पडतोय? खूश होईल बिचारा."

ते वळले. "किती?"

"एकोणीस," मी म्हणाले.

मुलीने तोंड फिरवलं. ते माझ्याकडे निरखून बघत राहिले.

"नक्की, मॅगिस्ट्रा?"

"नक्की."

"बरं," ते म्हणाले आणि हळूहळू खुर्चीत टेकले. "म्हणजे एकोणीस अजून आहेत."